दगडाबाईचं बी

आमचे मालक वाईट न्हाईत, हे आधीच सांगते. न्हाईतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना शिव्या घालाल, आन् तो हक्क माझ्या एकटीचा हाय.

सुदर्शन नाव त्यांचं. निमोण्यात आमची तीन एकर बागायत. शेतीचा डिप्लोमा केला, सणसवाडीला कंपनीत दोन वर्षं काढली, आन् मग डोक्यात कांद्याचा किडा शिरला. माझ्या सासूचा, म्हंजी दगडाबाईचा, उशिरा तयार होणारा गरवा कांदा सगळ्या शिवारात नावाजलेला. फिकट, बुटका, दिसायला काय न्हाई, पर उन्हाळ्यात काढून ठेवला तर दिवाळीपर्यंत सडत न्हाई. बाजारात उठून दिसतो तो लालभडक, वजनदार कांदा, पर त्याला दीड महिन्यात पाणी सुटतं. ह्यांना दोन्ही एकात पायजे होतं. लाल बी आन् टिकणारा बी. आजवर कुणाला जमलं न्हाई ते मी करणार, म्हणायचे.

सात वर्षं झाली त्याला. वह्या, चिठ्ठ्या, ब्रश, भिंग. आमच्या लेकीचा, करिश्माचा, वाढदिवस कवा असतो ते आठवायचं न्हाई, पर कुठल्या फुलाच्या गोंड्याला कुठला पराग लावला ते झोपेतनं उठवून इचारा, सांगतील. मी म्हणायची, "अहो, कांदाच हाय, काय चंद्रावर जायचं न्हाई." तर म्हणायचे, "बियाच्या पाकिटावर नाव छापून येईल तवा बोल."

आता आत्यांचं ऐका. आत्या म्हंजी सासूच. आम्ही आत्याच म्हणतो. कांद्याचं बी एका वर्षाचंच असतं, जुनं उगवत न्हाई. म्हणून आत्या दरसाल निवडक कांदे लावून त्याचं बी धरायच्या, आन् अखितीला, म्हंजी अक्षय्य तृतीयेला, गावच्या लेकींना वाटायच्या. विकायच्या न्हाईत. लग्न होऊन गेलेली लेक माहेरी आली की तिच्या पदरात एक मूठ बी. चाळीस वर्षं हा नेम. दौंडापासनं न्हावऱ्यापर्यंत किती घरांत आत्यांचा कांदा असंल, देव जाणे.

आत्यांच्या फुलोऱ्याच्या शेजारीच ह्यांच्या नव्या लाल कांद्याची बावीस झाडं होती, मच्छरदाणीखाली. मधमाशीनं इकडचा पराग तिकडं न्यायचा न्हाई, म्हणून. रोज सकाळी आत बसून ब्रशानं स्वतः पराग लावायचे. माघात एकदा मी चहा घेऊन गेले तर मच्छरदाणी वर गुंडाळलेली, आन् माश्या नुसत्या घोंगावत होत्या. मी इचारलं तर म्हणाले, "हवा लागू दे जरा." त्यातले जाणते तेच, मी काय बोलणार? चहा दिला आन् आले.

अखितीच्या आदल्या दिवशी आत्या अंगणात बी पाखडत होत्या. काळंभोर, स्वच्छ बी. हे ओट्यावर बसून बघत होते, तोंड उतरलेलं. मला घरात बोलावलं आन् म्हणाले, "अनिता, आईचं बी बिघडलंय."

"कशानं?"

"मीच केलं. ब्रशानं बी कमी धरत होतं. म्हटलं दोन दिवस माश्या सोडाव्यात, किलोभर मिळंल. आईच्या फुलोऱ्याचं ध्यानातच आलं न्हाई. आलं व्हतं खरं, पर मनाला समजावलं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "आन् आता सांगताय? मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला!"

"माझ्या लाल कांद्याचा पराग त्यात शिरलाय, पर दिसायला काय फरक न्हाई. कांदा निघून साठवणीच्या चाळीत पडंल तवा कळंल. सगळाच सडंल असं बी न्हाई. एक वर्ष जाऊ दे, पुढच्या साली मी गुपचूप चांगलं बी धरतो."

"आन् ज्या घरांत हे बी जाईल, त्यांनी फुलोरा धरला की त्यांचं बी बाटलं. मग घरोघरचा तो बाट काढणार कशानं? कपाळानं?"

सात वर्षं ज्यानं मला पराग शिकवला, त्याला हे ठावं नव्हतं व्हय? ठावं होतं. मी म्हटलं, "उद्या बायका यायच्या आत तुम्ही सांगा. न्हाईतर मी सांगीन, आन् मी सांगितलं तर तुम्हाला आवडायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरणाचा वास सुटला होता. पहिली आली धुरपदा, कुरकुंभला दिलेली, नवरा कारखान्यात शिफ्टला. तिच्यामागं शितल आन् अजून पाच-सहा जणी. आत्या सुपात बी घेऊन बसल्या. मी ह्यांच्याकडं डोळे वटारले. हे नखं कुरतडत उभे. धुरपदानं पदर पसरला. आत्यांनी सुपात मूठ घातली, भरली, वर उचलली.

माझं तोंड उघडणार, तेवढ्यात हे म्हणाले, "आई, देऊ नको."

सगळ्या वळून बघायला लागल्या. मग ह्यांनी सगळं सांगितलं. दोन दिवस, मच्छरदाणी, हाव. हाव हा शब्द त्यांनीच वापरला, कुणी त्यांच्याकडनं वदवून घेतला न्हाई. सगळं सांगून होईस्तवर थांबले न्हाईत. मला त्यांचा राग होता तसाच होता, पर त्या घडीला मला माझ्या नवऱ्याची लाज वाटली न्हाई.

आत्यांनी मूठ परत सुपात सोडली. मग बायकांना म्हणाल्या, "यंदा बी न्हाई. गेल्या सालच्या बियाचा कांदा तुमच्या घरात आत्ताच निघाला असंल. त्यातला चांगला निवडून ठेवा, कार्तिकात लावा. मीसुद्धा तसंच करते. एवढं साल बाजारातनं बी घ्या बायांनो, मला माफ करा."

"आत्या, असं नका म्हणू," म्हणत धुरपदा रडायला लागली. आत्यांचे डोळे कोरडे होते. ते मला जास्त लागलं.

आत्या सूप घेऊन चुलीपाशी गेल्या आन् मुठीमुठीनं सगळं बी जाळात टाकलं. तडतड वाजत होतं. हे आत गेले आन् आपल्या बियाची पिशवी घेऊन आले. त्यातसुद्धा माश्यांनी आत्यांचा पराग मिसळलेला, सात वर्षांची मेहनत बाटलेलीच होती. चुलीत टाकायला हात पुढं केला, तर आत्यांनी मनगट धरलं.

"ह्ये कशाला?"

"बिघडलंय गं. कसलं निघंल काय सांगता येत न्हाई. नको मला ते."

"नको कसं? माझं बी तू बिघडवलंस, ते मी जाळलं. पर ह्ये तू जन्माला घातलंयस." आत्यांचा आवाज चढला न्हाई. "वाईट निघालं म्हणून बाप पळून जातो व्हय? ह्ये तू पेरायचं, आपल्याच रानात. फुलोरा धरायचा न्हाई, बी कुणाला द्यायचं न्हाई. लाल निघू दे, सडकं निघू दे, निघंल ते तू आपल्या ताटात घेऊन खायचं. शेवटचा कांदा संपस्तवर."

ह्यांनी पिशवी छातीशी धरली आन् तिथंच खाली बसले. सात वर्षांत त्यांना रडताना मी पयल्यांदाच बघितलं.