बॉल अजून लिंबाखाली

कोल्हापुरात कुठल्याही खेळाची मॅच लावा, बघणारे ती कुस्ती म्हणूनच बघतात. सॉफ्टबॉलचंही तेच झालं. २००३ साली एका शाळेनं मुलींच्या जिल्हा स्पर्धा भरवल्या, तर फायनलला हलगीवाला हजर. संस्थेचे चेअरमन हंबीरराव सकाळपासून माईक धरून बसलेले. खेळ त्यांना कळत नव्हता. पण म्हणून माईक दुसऱ्याच्या हाती देतील तर ते चेअरमन कसले!

अंपायर होत्या रूपाली कांबळे मॅडम. शेवटची इनिंग, धावा बरोबरीत, यजमान शाळेविरुद्ध गारगोटीची बॅटिंग. गारगोटीची अक्षता दुसऱ्या बेसवर उभी. ती घरच्या बेसवर, म्हणजे होम प्लेटला, पोहोचली की मॅच गारगोटीची आणि विभागाच्या स्पर्धेचं तिकीटही त्यांचंच. गारगोटीच्या पोरी एसटीतून उभ्यानं आलेल्या. त्यांच्या शाळेला आजवर तालुक्याबाहेर कुणी विचारलं नव्हतं.

बॅट बसली. चेंडू पार कुंपणाजवळच्या लिंबाखाली गेला. अक्षता तिसरा बेस ओलांडून सुसाट घराकडं निघाली. पण तिथं यजमानांची कॅचर अनुजा, हंबीररावांची सख्खी पुतणी, शड्डू ठोकून वाटेत उभी! हातात चेंडू नाही, काही नाही. तिनं अक्षताला कमरेला धरलं आणि घातली खाली.

रूपाली मॅडमनी डावा हात बाजूला ताठ पसरून मूठ वळली. हातात चेंडू नसताना धावणारीची वाट अडवली की अंपायरनं करायची ती खूण. शिट्टी मारायची नाही, खेळ थांबवायचा नाही. धावणारी बाद झाली तरच खेळ थोपवायचा आणि अडवलं नसतं तर ती जिथं पोहोचली असती, तो बेस तिला द्यायचा.

इकडं माईक गरजला, "वा रं माझी वाघीण! बॉल अजून लिंबाखाली लोळतोय, तवर आमच्या अनुजानं गारगोटीची गाडी दारातच आडवली! माझ्याकडनं मानाचा फेटा!"

हलगी कडाडली. तेवढ्यात चेंडू आला, अनुजानं तो उठू पाहणाऱ्या अक्षताच्या पाठीला टेकवला, म्हणजे एरवी ती बाद. मॅडमनी खेळ थांबवला आणि होम प्लेटकडं बोट केलं. "अडथळा. धाव गारगोटीला."

हंबीरराव माईक टाकून मैदानात उतरले. "मॅडम, मघापासनं हात पसरून कुणाची रिक्षा थांबवत हुतासा?"

"नियमाची खूण आहे साहेब."

"आडवायचं न्हाय तर मग खेळायचं काय? पोरगी काय वाटंत रांगोळी काढंल?"

"अडवू दे की. पण आधी चेंडू हातात पाहिजे."

साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "बरं, तसं आसंल तर बॉल हुताच की तिच्या हातात. तुम्हाला दिसला न्हाय, एवढंच. पुढच्या वर्षी बी अंपायर म्हणून तुम्हालाच बोलवायचं म्हणत हुतो आम्ही."

चार कार्यकर्ते मॅडमभोवती गोळा झाले होते. अक्षता फुटलेला गुडघा धरून मॅडमच्याच तोंडाकडं बघत होती.

"तिलाच इचारा!" हंबीरराव पुतणीकडं वळले. "अनू, सांग मॅडमना. आडवलीस तवा बॉल हुता का न्हाय हातात?"

"न्हाय की आप्पा!"

"नीट आठव."

"आठवायचं काय त्यात? बॉल हुता लिंबाखाली. तुमीच वरडलासा की माईकवर." अनुजाला चुलत्याची चाल कळलीच नाही, तिला फेट्याची काळजी. "बॉल हातात आसता तर नुसता टेकवला आसता. त्यात फेटा कशाचा?"

गारगोटीच्या पोरी फिस्सकन हसल्या. एका कार्यकर्त्याला अचानक खोकला आला.

"जा अक्षता," मॅडम म्हणाल्या, "प्लेटला पाय लाव."

ती लंगडत गेली आणि एक नाही, दोन्ही पाय लावून उभी राहिली.

हंबीरराव तोवर माईकपाशी पोहोचले होते. "आमच्या संस्थेनं न्यायासाठी घरच्या लेकीचीबी गय केली न्हाय!" त्यांनी जाहीर केलं. "होऊ द्या टाळ्या!"

टाळ्या झाल्या. अनुजाच्या डोक्यावर फेटा बांधला जात असताना रूपाली मॅडम तिच्या शेजारी उभ्या होत्या. "बाळ, चेंडू येईपर्यंत इथं, वाट सोडून उभं राहायचं," त्या पायानं मातीत रेघ ओढून दाखवत होत्या.