गुंडूच्या रानातले उंदीर

"आधी उंदरात जंतू दाखवा, मग गावाला गोळ्या देतो," साहेब म्हणाले आणि त्यांनी पंखा वाढवला.

कोडोलीच्या पलीकडच्या गावात त्या पावसाळ्यात तिघं तापानं गेले होते. डोळे पिवळे, लघवी लाल. गावानं परस्पर ठरवून टाकलं, कावीळ. मग गळ्यात कावीळ उतरवणारी माळ घातली, तेल-मिरची बंद केली आणि माळ लांब व्हायची वाट बघत बसले. मी जनावरांचा डॉक्टर. मला तो ताप उसातल्या उंदरांचा वाटत होता. उंदीर पाण्यात मुततात आणि पाचटानं चिरलेल्या हातापायांतून जंतू आत शिरतो. वेळेत दिल्या तर साध्या गोळ्यांनी माणूस वाचतो. पण माझ्या वाटण्याला सरकारदरबारी कोण विचारतो? जिवंत उंदीर धरा, रक्त काढा, पुण्याला पाठवा. तोवर गोळ्या कपाटात.

गुंडूचं रान ओढ्याला लागून. त्याचा थोरला भाऊ दौलू तिथंच राबायचा आणि त्याच तापानं गेला होता. आता गुंडू त्याच पाण्यात अनवाणी उभा. गावात पुढचा नंबर कुणाचा, हे मला दिसत होतं.

"बूट घाल रे बाबा," मी म्हटलं. "तुझ्या भावाला ह्या उंदरांनी खाल्लंय."

"बूट चिखलात ऱ्हातोय की, डाक्टर. पाय तेवढा वर येतोय."

मी पिंजरे मांडायच्या जागा हेरून परतलो. तिकडे आमच्या ऑफिसनं गावाला निरोप धाडला, की उंदीर बघायला सरकारी गाडी येतेय. झालं! आदल्या वर्षी ग्रामस्वच्छतेचा नंबर त्या गावाचा थोडक्यात हुकला होता. सरकारी गाडी म्हटलं की त्यांना चुन्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

सुकट लावलेले पिंजरे घेऊन आम्ही पोचलो, तर वेशीपासून चुन्याचे पट्टे, दारोदार रांगोळ्या. सरपंच आण्णा नारळ आणि टोपी-टॉवेल घेऊन उभे.

"बघा पावणं, सगळं रान बघा. एक उंदीर घावला तर मिशी उतरून देतो!"

सगळ्या गावानं बिळाबिळात औषध घातलं होतं. ओढ्याकाठी उंदरांचा ढीग होता, फुगलेला, नाक धरायला लावणारा. त्यातून रक्त काय कपाळ काढणार?

"अक्कल गहाण टाकलीत का सगळ्यांनी?" मी ओरडलो. "जिवंत उंदीर पाहिजे होते मला!"

आण्णांच्या हातातला नारळ तसाच राहिला. गुंडू पुढं आला.

"आण्णास्नी बोलू नका. तुमीच म्हणालासा, माझ्या भावाला ह्येंनी खाल्लं. कोण हात लावंना, तवा म्या गोळा केलं सगळं. ह्या हातांनी."

त्यानं हात पुढं केले. पाचटानं कापलेले, भेगाळलेले, उघडे हात. मी वाकून ते बघितले.

"साबणानं धुतलेस का रे?"

"धुतलं की. हितंच, वढ्यात."

आठवडाभर पिंजरे रिकामे आले. साहेबांकडे जाऊन मी भांडलो, निदान गुंडूपुरत्या तरी गोळ्या द्या म्हणून. "उंदीर नाहीत म्हणजे रोगही नाही," ते म्हणाले. "उलट चांगलंच की!" उद्धट बोललो म्हणून मलाच मेमो मिळाला.

मेमोचं उत्तर लिहीत होतो, तेव्हा गुंडू कोल्हापुरात दवाखान्यात असल्याचं कळलं. धावत गेलो. डोळे हळदीसारखे पिवळे, गळ्यात ती माळ. घरच्यांनी आधी माळ लांब व्हायची वाट बघितली होती. उंदरांच्या रक्तासाठी घेतलेल्या नळ्या माझ्या बॅगेत तशाच पडून होत्या. सिस्टरनं त्यातल्याच एकीत त्याचं रक्त काढलं.

"लई वरडलासा त्या दिशी," तो कसाबसा बोलला. "आता ह्येच्यावर तरी गावाला गोळ्या मिळतील न्हवं?"

मिळाल्या. पुण्याहून अहवाल आला आणि साहेबांनी कपाट उघडलं. गोळ्यांची गाडी गावात शिरली, तर पुन्हा वेशीपासून चुना, पुन्हा दारोदार रांगोळ्या. गुंडूच्या दारात तेवढी रांगोळी नव्हती. त्या घराला सुतक होतं.