लालसाबची घोडी लंगडते

कुंभारीच्या लालसाबची वरातीतली घोडी, शबनम, लंगडायला लागली. जनावरांच्या डॉक्टर रेश्माताईंनी लालसाबला तिला धरून चालवायला लावलं आणि मोबाईलवर व्हिडिओ काढला. चाल तपासणाऱ्या ॲपनं निकाल दिला, डावा पाय दुखतोय.

"कुटला डावा? म्होरचा का मागचा?" लालसाबनं घाबरून विचारलं.

रेश्माताईंनी व्हिडिओ पुन्हा पाहिला आणि त्यांना हसू फुटलं. "चाचा, ॲपनं घोडी सोडून तुमचीच चाल मोजलीय!"

मग लालसाबच्या बायकोनं, अजीजानं, लगाम धरला. शबनम झोकात चालली.

"तुमचंच बघून लंगडतीया की ती!" अजीजा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लालसाब शबनमवर बसून शहरातल्या जुळे सोलापूर भागात हाडांच्या डॉक्टरकडं निघाला. रस्ताभर लोक विचारत होते, "चाचा, नवरी कुटली?"