तिकीट नसलेली बारव

मित्रांनो, मी एक जुनी बारव आहे. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. परंड्याच्या अलीकडं एका लहानशा गावात, बालाजीच्या चहाच्या हाटेलामागं मी असते. वाकून बघा, पण तोंडातला गुटखा आधी लांब थुंकून या. माझ्या अंगावर नको.

मला कुणी घडवलं ते सांगता येत नाही. माझ्याच भिंतीवर कोरलेली अक्षरं मला वाचता येत नाहीत. पण दगडाला दगड असा बसवलाय की मधे केस शिरत नाही. तीन बाजूंनी पायऱ्या, खाली कमानी, देवळीत देवी. आहे का गावात दुसऱ्या कुणाचा असा थाट?

सगळं गाव माझ्या पाण्यावर जगलं. बाया घागरी घेऊन यायच्या आणि कमानीच्या सावलीत सासवांची उणीदुणी काढायच्या. ती सगळी माझ्या पोटात आहेत, एकही बाहेर फुटली नाही. बाळंतीण सव्वा महिन्यानं घराबाहेर पडली की आधी माझ्याकडं यायची. पाच खड्यांना हळदकुंकू लावायचं, पाणी पुजायचं, घुगऱ्या वाटायच्या. असा माझा मान होता.

मग बोअर पडलं, नळ आले. आता बाळंतिणी नळाची तोटी पुजतात. पुजा, बायांनो. मी काही म्हणत नाही. माझ्याकडं येतात ते चहाचे कप आणि फुटक्या बादल्या. माझं नावसुद्धा गेलं. गाव मला खड्डा म्हणतं.

यंदा उन्हाळ्यात एक वासरू आत पडलं. निघालं धडधाकट, पण गावानं ठरवलं, खड्डा बुजवायचा. ट्रॅक्टर बालाजीचा, म्हणून काम त्याच्याकडं. मुरमाची ट्रॉली माझ्या तोंडाशी लावून तो कठड्यावर चहा पीत बसला आणि गिऱ्हाइकाला सांगू लागला, "राजस्थानला जाऊन आलो आमी. पायऱ्यांची इर बघितली. लई भारी! तिकीट काढून आत सोडतेत. आपल्याकडं असलं काय बी न्हाय."

मेल्या, तू बसलायस कशावर?

तेवढ्यात एक मोटारसायकल थांबली. तामलवाडीची हर्षाली, आपल्याच जिल्ह्यातली मुलगी, एकटीच जिल्हा बघत फिरत होती.

"दादा, इथं बारव कुठं आहे?"

"बार व्हय? बार फाट्यावर. पर ताई, एवढ्या सकाळी उघडत न्हाय."

मुलगी गोंधळली आणि गाडी वळवून फाट्याकडं निघाली. मला ओरडता येत नाही. किती वर्षांनी कुणी माझं नाव घेत आलं, आणि या शहाण्यानं तिला दारूच्या दारात धाडलं!

भजी तळणारी प्रेमाबाई, बालाजीची बायको, झारा घेऊनच धावली. "ए पोरी, माघारी फिर! अहो, बार न्हाय, बारव! ही आपली! आपला शंभू झाला तवा पाणी म्या कुठं पुजलं? राजस्थानात मला सारखं वाटायलं, हे कुठंतरी बघितलंय. हितंच बघितलंय की!"

"आगं, पर ही फुकट हाय," बालाजी म्हणाला.

"फुकट हाय म्हणून बुजवताव व्हय?"

हर्षाली परत आली. चपला काढून खाली उतरली, शेवटच्या पायरीवर बसून भिंतीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "काकू, मी जयपूर बघून आले, आणि ही माझ्याच जिल्ह्यात असून मला माहीत नव्हती."

प्रेमाबाईनं ट्रॉली काही माझ्यात उलटू दिली नाही. शेवटी बालाजीनं कुरकुरत तो मुरूम माझ्याकडं येणाऱ्या खाचखळग्यांच्या वाटेवर पसरला. पुढं गाव काय ठरवेल ते मला ठाऊक नाही. वाट मात्र चांगली झाली. तिच्यावर अजून एकाच गाडीचं चाक उमटलंय. हर्षाली जाताना उमटवून गेली, तेवढंच.

मित्रांनो, सुट्टीत लांब जा, जरूर जा. मी कुणाच्या आड येत नाही. पण निघण्याआधी आपलाही जिल्हा जरा चाचपून बघा. माझ्यासारखी एखादी तोंडाळ म्हातारी तिथं गप्प पडलेली असेल. तिच्यात कचरा टाकू नका. तिला नावानं हाक मारा, घटकाभर पायरीवर बसा. पाणी मी राखून ठेवलंय. त्यात सध्या नुसतं आभाळ दिसतं. माणसाचं तोंड दिसलं, तर मला बरं वाटेल.