तिकटीवरची सभा

राजेश्वरी ही बोरकिणी गावची सरपंच. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कुणी "ओ सरपंच" म्हणून हाक मारली की वळून बघायचा तो तिचा नवरा, अनिलकुमार. जागा महिलांसाठी राखीव निघाली तेव्हा घरात येऊन "आपण उभे राहतोय" एवढंच त्यानं सांगितलं होतं. निवडून आल्यावर गुलालही त्याच्याच अंगावर पडला. राजेश्वरीच्या वाट्याला सह्या आल्या आणि स्वातंत्र्यदिनाला झेंड्याची दोरी.

शेजारच्या दोन गावांची तऱ्हा निराळी नव्हती. शिंगणहट्टीची सरपंच झीनत, पण बोलायचे तिचे सासरे इमामसाब. करंजवाडीची मायाक्का. साठी उलटलेली, आवाज दिला तर शिवारातली माणसं थांबावीत अशी बाई. पण पंचायतीत खुर्चीवर बसायचा तिचा मुलगा रेवणप्पा.

या तिन्ही गावांचे रस्ते सोलापूरच्या हमरस्त्याला जिथे मिळतात त्या जागेला तिकटी म्हणतात. एसटी थांबते ती तिथेच. खुरपायला जाणाऱ्या बाया, हायस्कूलच्या पोरी, कडेवर लेकरू घेऊन दवाखान्याला निघालेल्या आया, सगळ्या तिथे ताटकळतात. सावली म्हणाल तर विजेच्या खांबाची. मागच्या उन्हाळ्यात एक बाई तिथेच भोवळ येऊन पडली. पेपरात बातमी आली आणि वरून सूचना निघाली : बदलत्या हवामानाला तोंड देण्यासाठी तिन्ही गावांनी मिळून समिती करावी, आणि समितीचं नेतृत्व महिलांनी करावं.

महिलांनी नेतृत्व कसं करावं हे ठरवायला तिघे पुरुष लगेच जमले.

पहिली सभा बोरकिणीच्या पंचायतीत, कूलरपुढे. तिघे टेबलाशी, तिघी सरपंच दाराजवळ सतरंजीवर, म्हणजे चहाला उठायला सोपं. तिकटीवर निवारा बांधायचा यावर सगळ्यांचं एकमत होतं. अडलं ते पाटीवर. कुठल्या गावाचं नाव वर? इमामसाब म्हणाले, जमीन आमच्या हद्दीला लागून. रेवणप्पा म्हणाला, मतदान आमचं जास्त. सभेमागून सभा त्या पाटीतच गेल्या. मध्यंतरी तिकटीवर एक फ्लेक्स मात्र उभा राहिला. 'हवामान बदलाला टक्कर देणारी रणरागिणी' अशी अक्षरं, खाली गॉगल लावलेला पुरुषभर उंचीचा अनिलकुमार आणि कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी राजेश्वरी. त्या फ्लेक्सची सावली पडायची, पण पलीकडे, कुणाच्या तरी बांधावर.

खोटं कशाला सांगा, राजेश्वरीला तो फ्लेक्स आवडला होता. तिनं त्याचा फोटो काढून आईला पाठवला होता.

मे महिन्यात एके दिवशी लेकीची दाढ ठणकायला लागली. जुळे सोलापूरच्या डॉक्टरनं दुपारची वेळ दिली. गाडी काढायला सांगावी तर अनिलकुमार गाडी घेऊन करंजवाडीला गेलेला. कशाला? हवामानाच्या सभेला. लेकीला घेऊन राजेश्वरी चालत तिकटीवर आली. डांबर पायाला चिकटत होतं. तिथे डोक्यावर पदर घट्ट ओढून झीनत उभी, तीही सोलापूरला निघालेली. आणि बाजाराची पिशवी उशाला घेऊन खांबाच्या पट्टीभर सावलीत मायाक्का बसलेली.

"तुमी हितं?" मायाक्कानं विचारलं. "आज सभा हाय न्हवं?"

"हाय की," झीनत म्हणाली. "अब्बा गेलेत. मला म्हनले, लई ऊन हाय, तू कशाला येतीस."

तिघींनी एकमेकींकडे बघितलं. लेक गालाला हात लावून रडत होती. एसटीचा पत्ता नव्हता. राजेश्वरीच्या डोक्यात काहीतरी तडकलं.

"पुढची सभा हितंच घ्यायची," ती म्हणाली. "ह्याच वेळेला."

"आन त्यांनी न्हाय म्हनलं तर?" झीनतनं विचारलं.

"सभा बोलवायला सही कुणाची लागती?"

मायाक्का हसली ती थांबेचना.

ग्रामसेविका वैजयंतीनं नोटीस काढली. ठिकाण तिकटी, वेळ दुपारी एक. अनिलकुमारनं घरात भांडं आपटलं. "अगं, उन्हात कुठं सभा असते का?"

"अहो, सभाच उन्हाची हाय," राजेश्वरी म्हणाली. त्यानं मंडपवाल्याला फोन केला. लग्नसराई होती, मंडपाचा एक बांबू शिल्लक नव्हता.

सभेच्या दिवशी तिन्ही गावच्या बाया डोक्यावर ओले टॉवेल आणि आंबिलीच्या घागरी घेऊन आल्या आणि ताडपत्रीवर बसल्या. अनिलकुमार कडक इस्त्रीत उभा राहिला. "सन्माननीय व्यासपीठ," म्हणाला आणि व्यासपीठ शोधायला लागला. इमामसाबांची छत्री वाऱ्यानं उलटी झाली. रेवणप्पाचा मोबाइल तापून आपोआप बंद पडला. मग "जरा पाणी पिऊन येतो" म्हणत तिघे एकामागून एक अनिलकुमारच्या गाडीत जाऊन बसले. काचा वर गेल्या, एसी सुरू झाला, आणि हवामान समितीवर डिझेलचा धूर यायला लागला.

"आता?" वैजयंतीनं विचारलं.

"आता कामाला लागू," राजेश्वरी म्हणाली.

तिनं पहिला ठराव मोठ्यानं वाचला. निवारा कुडाचा आणि पाल्याचा, पत्र्याचा नको. बायांनी हात वर केले. ती गाडीजवळ गेली, काचेवर टकटक केलं आणि विचारलं, "मंजूर?" आतल्या गार हवेत अनिलकुमारला ऐकू काही येत नव्हतं. बायको काळजीनं काही विचारतेय असं समजून त्यानं अंगठा वर केला.

दुसरा ठराव, उन्हाळ्यात रोजगार हमीचं काम उजाडता सुरू आणि ऊन चढायच्या आत बंद. अंगठा. तिसरा, रस्त्याच्या दोन्ही अंगांना कडुनिंब आणि करंज, पाणी घालायची पाळी तिन्ही गावांची. अंगठा. इमामसाबांनीही कौतुकानं मान हलवली.

चौथा ठराव कागदावर नव्हता.

"निवाऱ्यावर पाटी न्हाय, फोटो न्हाय," ती म्हणाली. "आन सरपंचाच्या खुर्चीवर सरपंचच बसंल. मंजूर?"

ताडपत्रीवर आधी मायाक्काचा हात वर गेला. मग सगळे हात वर गेले. ती गाडीकडे वळली. आतून चार अंगठे वर आले, त्यातले दोन अनिलकुमारचेच.

संध्याकाळी घरात रणकंदन झालं. "मी कधी हो म्हणालो?" अनिलकुमार ओरडला. राजेश्वरी भाकरी थापत होती. "साऱ्यांनी बघितलं की. तुमी तर दोन्ही हातांचे केले." चार दिवस तो पंचायतीकडे फिरकला नाही. पाचव्या दिवशी पंचायतीत गेला तर खुर्चीवर राजेश्वरी. तो दाराजवळच्या सतरंजीवर जाऊन बसला. चहा आणायला मात्र उठला नाही.

लावलेल्या रोपांतली निम्मी मायाक्काच्याच शेळ्यांनी खाल्ली. झीनतनं भर सभेत तिला दंड ठोठावला. मायाक्का तिला खूप बोलली आणि दुसऱ्या दिवशी काटेरी कुंपण घालायला सगळ्यांच्या आधी हजर झाली.

निवारा मात्र झकास झाला. पाऊस तोंडावर आला तेव्हा एका दुपारी राजेश्वरी एसटीसाठी तिथे गेली, तर गार सावलीत तिन्ही गावचे बाप्ये पत्ते कुटत आडवेतिडवे पसरलेले, आणि बाया, पोरी बाहेर उन्हात. तिनं पदर खोचला आणि मायाक्काला फोन लावला.

"अक्का, या लवकर. आन येताना पान्याची घागर भरून आणा. बाप्ये उठवायचेत."