तांदळात लिहिलेलं नाव

गोव्यातल्या लाटंबार्शाच्या सरस्वती गावस यांना कुठलंही काम उद्यावर टाकलेलं खपत नसे. मुलाचं लग्न झालं आणि दहाव्या दिवशी त्यांनी नव्या सुनेला हाताला धरून डिचोलीला नेलं, आधार कार्डावरचं नाव बदलायला. माहेरी, पेडण्याला, ती तारा परब होती. लग्नात नवऱ्यानं, शंभूनं, रीतीप्रमाणे ताटातल्या तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, प्रभावती, आणि ते सरस्वतीबाईंनीच निवडलेलं होतं. आधार झालं, मग बँक झाली, रेशन कार्ड झालं, मतदार यादी झाली. ‘आमच्याकडे तांदळातलं नाव तांदळातच राहत नाही,’ असं त्या शेजारणींना ऐकवत. एक पासपोर्ट तेवढा राहिला. लाटंबार्शात बसून पासपोर्ट कशाला लागतोय, म्हणून तो कपाटात साड्यांच्या खाली गेला.

पाच वर्षांनी तो वर आला आणि घरात घोळ झाला.

झालं असं, की सून घरी बसून चित्रं काढायची. फ्रीलान्स, म्हणजे नोकरी कोणाचीच नाही आणि काम सगळ्यांचं, असं शंभू आईला समजावून सांगायचा. पेडण्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर तांबड्या मातीची नक्षी असते. वेली, पोपट, फुलं. लहानपणापासून ती नक्षी तिच्या डोळ्यांत बसलेली. तीच ती कॉम्प्युटरवर नव्यानं काढून इंटरनेटवर टाकत असे. ती पाहिली पोर्तुगालमधल्या एका फरश्यांच्या कारखान्यानं. भिंतीला लावायच्या फरश्या, तुमच्या आठ नक्ष्या हव्यात, मागे तुमचं नाव छापू, असं पत्र आलं. सून ते पत्र वाचून अंगणात नाचली. खरंच नाचली. सरस्वतीबाईंनी ‘वेडी काय गो तू?’ म्हटलं आणि लगेच गोड शिरा केला.

पण कारखान्याची एक अट होती. त्यांच्या सरकारचा कराचा नंबर पाहिजे. तिथे राहत नसलात तरी चालेल, पण काम त्यांचं म्हटल्यावर नंबर त्यांचाच. महिन्याच्या अखेरीला करार, तोवर नंबर आला नाही तर काम दुसऱ्याला. लिस्बनमधली लुर्दिस नावाची एक वकीलबाई परदेशातल्या लोकांसाठी असे अर्ज भरून देते, ती मिळाली. ओळख म्हणून पासपोर्ट पाठवला, पत्ता म्हणून बँकेचा कागद पाठवला. बारा दिवस हातात होते, म्हणजे काही काळजीच नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी सून फोन हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. सरस्वतीबाई पोदेराकडून घेतलेले पाव डब्यात भरत होत्या.

“आई, अर्ज परत आला.”

“का?”

“ते म्हणतात, पासपोर्ट तारा परबचा आहे आणि पत्ता प्रभावती गावसचा. या दोन बाया आहेत. यातली अर्ज करणारी कोणती ते कळवा.”

सरस्वतीबाईंच्या हातातला पाव तसाच राहिला. दोन बाया! आणि त्या दोन बाया केल्या कोणी? आपणच की! दहाव्या दिवशी, वाजतगाजत, रिक्षा करून. थोडा आळस केला असता तर आज पोरीचं काम झालं असतं. सून एका शब्दानं बोलली नाही, आणि ते जास्तच लागलं. बोलली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

“पासपोर्टावरचं नाव बदलून घेऊ?” त्यांनी विचारलं.

“आठ दिवसांत नाही होणार, आई.”

बातमी गावात फिरायला वेळ लागला नाही, आणि फिरली तीही उलटीच. दुपारी शेजारचे दत्ताराम काजूच्या बागेच्या दगडी गडग्यावरून डोकावले. गोव्यात ‘पोर्तुगालचे कागद’ म्हटलं की माणूस घरदार सोडून निघाला, असाच अर्थ होतो.

“रघुनाथराव, तुम्ही सगळे पोर्तुगाल करताय म्हणे. मग बाग कोणाला देणार? मला सांगा हां आधी.”

रघुनाथराव, म्हणजे सरस्वतीबाईंचे यजमान, खाणीवरच्या कचेरीतून निवृत्त झालेले. बोलणं मोजकं, कामं सावकाश. ते काजूच्या बिया चाळत होते. “मी डिचोलीसुद्धा करत नाही,” एवढंच म्हणाले आणि चाळत राहिले.

सरस्वतीबाईंनी मात्र ठरवलं होतं. “उद्या डिचोलीला जाऊया,” त्या म्हणाल्या. “तो वकील शिवदास आहे ना, त्याच्याकडे. तुम्हीपण चला हो. सही लागली तर?”

निघताना त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. तळातून एक पिवळा पडलेला कागद काढला आणि पर्समध्ये घातला. लागणार होता की नव्हता, त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं.

शिवदास वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे टेकले. “तारा आणि प्रभावती एकच, असं ॲफिडेव्हिट मी चार ओळींत करून देतो, काकी. इथे रोज दोन तरी होतात. इथला साहेब वाचतो आणि मान हलवतो, कारण त्याच्या बायकोचंही नाव बदललेलं असतं. लिस्बनचा साहेब काय म्हणणार? आडनाव बदलतं ते त्याला माहीत. पण नाव? तो म्हणणार, ही काहीतरी लपवतेय.”

“लपवतेय?” सरस्वतीबाई खवळल्या. “अरे, हजार माणसांच्या पंगती उठवून बदललंय! लिही तू. मी सांगते. आमच्यात सून घरात आली की तिला नवं नाव देतात. नवरा तांदळात लिहितो, सगळ्यांना साखर वाटतात. ही रीत आहे, लबाडी नव्हे. आणि या मुलीचं नाव मी बदललं. प्रभावती गावस म्हणजेच तारा परब, हे माझ्याहून जास्त कोणाला ठाऊक असणार?”

वकिलांनी लिहून घेतलं. मग पेन थांबलं. “काकी, तुम्ही सासू. सुनेसाठी तुम्ही म्हणणारच. ही रीत खरीच आहे, याला पुरावा काय देऊया?”

खोलीत पंखा फिरत होता. सून खाली मान घालून नखाशी चाळा करत होती. सरस्वतीबाईंनी पर्स उघडली.

“मी आहे पुरावा,” त्या म्हणाल्या.

पिवळा कागद त्यांनी मेजावर ठेवला. कारापूरच्या शाळेचा सातवीचा दाखला. वर शाईनं लिहिलेलं नाव: कमल नारायण राऊत.

“ही मीच. लग्नाच्या दिवशी दुपारपर्यंत मी कमल होते. जेवायला बसले ती सरस्वती. हे लिही. माझ्या सासूनं माझं बदललं, मी हिचं बदललं. एका घरात दोन दाखले, अजून काय पुरावा पाहिजे त्या साहेबाला?”

सुनेनं मान वर केली. पाच वर्षं ती या घरात होती, आणि या बाईला दुसरं नाव असेल हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. स्वतःचं बदललेलं असूनही! “आई,” ती म्हणाली, “तुम्ही कधी सांगितलंच नाही.”

“कोणी विचारलं? आई होती तोवर ती हाक मारायची. मग दादा मारायचा. दादा गेल्याला आता नऊ वर्षं झाली. नंतर कोण मारणार?” त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि लगेच वकिलांवर ओरडल्या, “बघतोस काय? टाईप कर!”

वकील टाईप करायला लागले. दाखल्याची झेरॉक्स जोडली, शिक्के बसले. सही करताना वकील म्हणाले, “आणि काकी, फरशीच्या मागे नाव कुठलं छापायचं? कारखान्याला तेही एकदाच कळवा, नाहीतर पुन्हा गोंधळ.”

सून सासूकडे बघत राहिली. सरस्वतीबाईंना प्रभावती हे नाव फार आवडायचं. तीन पंचांगं चाळून काढलं होतं त्यांनी. पण चित्रं काढायला शिकली ती कोण होती? पेडण्याच्या देवळात भिंतीला नाक लावून उभी राहायची ती?

“तारा,” त्या म्हणाल्या. “फरशीवर तारा. घरात मात्र मी प्रभाच म्हणणार हां. ते मी सोडायची नाही, लिस्बनचा बाप आला तरी!”

सून हसली, हसता हसता तिचे डोळे भरले, आणि तिथंच वकिलांच्या समोर तिनं सासूला मिठी मारली. रघुनाथराव दाखल्याची घडी उलगडून तो पुन्हा पुन्हा वाचत होते.

परतीच्या बसमध्ये त्यांनी दाखला नीट घडी घालून सरस्वतीबाईंच्या हातात दिला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मला आईनं कानात सांगितलं, सरस्वती लिही. मी लिहिलं. तुला विचारायचं असतं, हे कोणाच्या डोक्यात होतं?”

“मग आता काय, तांदूळ आणू?” सरस्वतीबाई म्हणाल्या. पण त्यांना ते ऐकून बरं वाटलं. फारच बरं वाटलं.

कागद त्याच संध्याकाळी स्कॅन होऊन गेले. लुर्दिसबाईंनी तिकडे त्यांचं पोर्तुगीज करून दिलं. मग थांबणं. एक दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. सरस्वतीबाई दर तासाला विचारत, “आला काय गो?” आणि सून दर तासाला म्हणे, “नाही, आई.” चौथ्या दिवशी तर त्यांनी विचारणंच बंद केलं, आणि ते घरात सगळ्यांना जास्त भीतीचं वाटलं.

महिना संपायला एक दिवस होता. चार वाजले होते. सुनेची किंकाळी अशी आली, की साप निघाला समजून दत्ताराम काठी घेऊन गडगा चढले.

“आला! आई, नंबर आला! नऊ आकडी!”

“वाच मोठ्यानं!”

सुनेनं नऊच्या नऊ आकडे वाचले. सरस्वतीबाईंनी ते पुन्हा वाचायला लावले आणि जनेलाच्या गजाला टांगलेल्या कॅलेंडरवर फळ्यावर लिहावं तशा मोठ्या अक्षरांत लिहून काढले, चतुर्थीच्या चौकोनावर.

“आणि खाली लुर्दिसबाईंनी लिहिलंय,” सून म्हणाली. “साहेबांनी ॲफिडेव्हिट दोनदा वाचलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईलाही वाचायला दिलं. मग विचारलं, मुलीचं जुनं नाव कुठे जातं?”

“पेटीत जातं, दुसरं कुठे?” सरस्वतीबाई म्हणाल्या.

“आणि शेवटी लिहिलंय, दोना कमल, म्हणजे त्यांच्या भाषेत कमलबाई, यांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्यामुळे काम झालं.”

“दोना!” दत्ताराम गडग्यावरच बसले. “म्हणजे तुम्ही खरंच पोर्तुगाल करताय!”

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. सरस्वतीबाई हसत हसत आत गेल्या, शिऱ्याला रवा काढायला. रवा परातीत पडत होता आणि त्यांच्या कानात अजून ते नऊ आकडे वाजत होते. आपण घातलेला घोळ आपल्या हातानं सुटला, याचा आनंद त्यांच्या गालांत मावत नव्हता.

बाहेर रघुनाथराव बियांच्या ढिगापाशी पुन्हा जाऊन बसले होते. चव्वेचाळीस वर्षं त्यांची हाक एकच होती: ‘अगो’. त्यांनी घसा खाकरला.

“कमल!”

“ओऽऽ!” आतून उत्तर आलं. कारापूरच्या घरी परसातून ओ द्यायची तसं, विचार न करता, लांब आणि मोठ्यानं.

मग आत परातीत पडणाऱ्या रव्याचा आवाज थांबला. सुनेनं वाकून पाहिलं. सासू परातीवर हात तसाच धरून उभी होती आणि रडत होती आणि हसत होती.

“काय हवं हो?” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

“चाळण कुठे ठेवलीस?” बाहेरून आवाज आला.

“जनेलात आहे,” कमल म्हणाली.