नाव कुठे घेतलं मी?

पोटच्या पोरीने आपल्याला दगा दिला हे पार्लरताईला सकाळी चहा गाळताना कळलं. कशावरून, तर भुवयांवरून! बारकी कप घ्यायला पुढे वाकली, खिडकीतला उजेड तिच्या कपाळावर पडला आणि ताईचा हात थांबला. दोन्ही भुवयांची टोकं जराशी वर उचललेली होती. ताई टोक कधीच वर उचलत नाही. बावीस वर्षं दोरा दातात धरून तिने वस्तीतल्या बायकांच्या भुवया केल्या होत्या, आपल्या हातचं काम तिने झोपेतसुद्धा ओळखलं असतं. हे तिचं काम नव्हतं.

"आयब्रो कुठे केल्यास गं?"

"असंच," बारकी म्हणाली आणि कप घेऊन खोलीत गेली.

असंच म्हणे! आयब्रो काय वाऱ्याने होतात? टोक वर उचलायची खोड अख्ख्या वस्तीत एकीलाच होती, ती म्हणजे कुरळी. ही कुरळी ताईची शिष्या. पाच वर्षं ताईच्या हाताखाली राहिली, पहिला दोरा ताईनेच तिच्या बोटांत गुंडाळून दिला होता. आणि एक दिवस बाईसाहेबांनी मागच्या गल्लीत स्वतःचं पार्लर थाटलं, जाताना ताईची अकरा गिऱ्हाइकं घेऊन गेल्या. ते ताईने शिव्या देत देत का होईना, पचवलं होतं. पण गिऱ्हाईक वेगळं आणि लेक वेगळी.

बरं, भुवयांचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. तर थोडं मागचं सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी वस्तीत पुराचं पाणी शिरलं आणि नऊ दिवस हललं नाही. माणसं गच्च्यांवर राहिली. पाणी ओसरल्यावर लोकांनी भिंती रंगवल्या, कपाटं दुरुस्त केली, दुकानं उघडली. मोठी माणसं कामाला लागली आणि सावरली. तरुण पोरं मात्र सावरेनात. कुणी कॉलेज सोडलं, कुणी अन्नावरून उठलं, कुणी घराबाहेर पडेना. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी एकटी कुणाकुणाला पुरणार? आणि ही पोरं माझ्याकडे येतच नाहीत. ती जिथे जाऊन बसतात तिथेच कुणीतरी ऐकणारं हवं." मग त्यांनी ताई आणि कुरळी या दोन पार्लरवाल्या, एक केस कापणारा, जिमचा मास्तर आणि वाचनालयातल्या बाई अशा पाच जणांना बारा रविवार शिकवलं. मुकाट ऐकायचं. उपदेश पाजायचा नाही. "आमच्या वेळी असं नव्हतं" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. खुर्चीतलं खुर्चीत ठेवायचं. कुणाच्या जिवावर बेतेल असं वाटलं तर, आणि तरच, डॉक्टरीणबाईंना फोन करायचा.

त्या पाचांत ताई पहिली, आणि खोटं कशाला बोला, बाई होतीच गुणाची. तिच्या खुर्चीत डोळे मिटून बसलं की पोरी आपोआप बोलायला लागायच्या. चौदा पोरी नेमाने यायच्या. एकीला तर तिने स्वतः हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं आणि ती पोरगी आज नोकरीला जाते.

आणि घरात? दिव्याखाली अंधार. गेले चार महिने बारकी मिटत चालली होती. अर्धं ताट ठेवून उठायची. नर्सिंगच्या वर्गाला दोन दिवस जायची आणि चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडायची. ताईने दहा वेळा विचारलं आणि दहा वेळा "काही नाही" ऐकलं. जगाच्या पोरी बोलत्या केल्या, आपली मात्र बोलेना! आणि आज कळलं की ही मुकी नव्हतीच. ही तिकडे, त्या कुरळीच्या खुर्चीत बसून बोलत होती.

चहा तसाच ठेवून ताईने पायात चपला सरकवल्या.

कुरळी नुकतंच शटर उघडून आरसे पुसत होती. ताईला पाहताच तिने फडकं खाली ठेवलं.

"बारकी येते ना तुझ्याकडे?"

"येते, ताई."

"कधीपासून?"

"दोन महिने झाले."

"काय बोलते?"

कुरळीने फडकं उचलून पुन्हा आरशावर फिरवलं. ताईचा आवाज चढला. "माझी गिऱ्हाइकं पळवलीस, मी ब्र काढला नाही. आता माझं पोर पण पळव. दोरा धरायला कुणी शिकवलं गं तुला?"

ब्र काढला नाही हे साफ खोटं होतं. चार गल्ल्यांत तिने कुरळीच्या नावाने बोटं मोडली होती. पण कुरळीने तेही ऐकून घेतलं.

"दोरा तुम्हीच शिकवलात, ताई. पण ते बारा रविवार आपण शेजारी शेजारी बसून ऐकलंय. खुर्चीतलं खुर्चीत."

"अगं, मी आई आहे तिची!"

"म्हणूनच एवढं सांगते. जिवाला धोका असता तर डॉक्टरीणबाईंना मी पहिल्याच दिवशी फोन केला असता. तशी वेळ आलेली नाही. बाकीचं तिला विचारा. आणि ताई, तिने सांगितलं तर मध्ये बोलू नका."

मला शिकवते! ताईचे डोळे भरून आले ते रागाने की कशाने, तिचं तिलाच कळेना. शिष्येने फसवलं, लेकीने फसवलं, आणि वर पुन्हा धडाही आपल्यालाच. परत येताना वाटेत कुणी हाक मारली तीही तिला ऐकू आली नाही.

ती घरी आली तेव्हा नवरा बस डेपोत कामावर गेला होता. बारकी पलंगावर बसून मोज्यांच्या घड्या करत होती. ताई तिच्यासमोर स्टुलावर बसली.

"मी काय कमी केलं तुला? अख्खी वस्ती माझ्याकडे येऊन मन मोकळं करते, आणि माझीच पोरगी दुसरीच्या दारात जाते. लोक काय म्हणतील? मला काय वाटलं असेल?"

बारकीने मोज्यांवरून नजर उचलली नाही. "तुझ्या खुर्चीत बसायची मला भीती वाटते, आई."

"माझी भीती? तुला?"

"तू सांगतेस."

"मी? कुणाला? काय सांगते मी?"

"जेवताना. बाबांना." बारकीचा आवाज अगदी साधा होता. "ती मशीनची गोष्ट सांगितलीस. कानावर हात ठेवून नक्कल करून दाखवलीस. बाबा हसले. मी पण हसले."

ताईला क्षणभर आठवेना, आणि मग आठवलं. एका पोरीने खुर्चीत सांगितलं होतं, की दुकानातलं पीठ मळायचं मशीन सुरू झालं की तिला पुराच्या पाण्याचा घोंघाट ऐकू येतो. मग ती बाथरूममध्ये जाऊन कान दाबून बसते. ताईने तेव्हा तिला अर्धा तास जवळ घेतलं होतं. आणि दोन दिवसांनी जेवताना, दिवसभराचा शीण गेला, पोट भरलं, गप्पांना रंग चढला, आणि निघून गेलं तोंडातून. वाईट हेतू नव्हता. चार घटका करमणूक.

"पण मी नाव कुठे घेतलं?" ताई म्हणाली. "शपथेवर सांगते, मी कधी कुणाचं नाव घेत नाही."

"पीठ मळायचं मशीन वस्तीत किती जणांकडे आहे, आई?"

मशीन एकच होतं, कोपऱ्यावरच्या बेकरीत. बेकरीवाल्याची मोठी पोरगी म्हणजे बारकीची मैत्रीण, पहिलीपासून एका बाकावर बसलेली.

"बाबांनी डेपोत सांगितलं. त्यांनी पण नाव घेतलं नाही," बारकी म्हणाली. "आठवड्याभरात नाक्यावरची पोरं ती दिसली की घर्र घर्र आवाज काढायला लागली. ती आता दुकानाच्या पुढच्या बाजूला येतच नाही. आणि माझ्याशी बोलत नाही." तिने घडी केलेले मोजे पुन्हा उलगडले. "बस, एवढंच. आता मला विचारू नकोस."

मघापासून दगा, दगा म्हणून ताई ऊर बडवत होती, आणि दगा कुणी दिला होता? कोवळ्या पोरीने डोळे मिटून विश्वासाने सांगितलेलं तिने जेवणाबरोबर तोंडी लावायला वाढलं होतं. तिला स्वतःची शरम वाटली, इतकी की पोरीसमोर बसवेना. ती उठली आणि तशीच बेकरीकडे निघाली. जाऊन पाय धरायचे, आणखी काय!

बेकरीवाला गल्ल्यावर होता. ताईने मोठीला भेटायचंय म्हटल्यावर त्याने आतल्या दाराकडे बोट केलं. आत मोठी पाव मोजून क्रेटमध्ये भरत होती. मशीन बंद होतं. पोरगी वाळली होती, आणि ताईला पाहून तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"काकू, मी आता आयब्रो करत नाही," ती म्हणाली.

"त्यासाठी नाही आले गं." वाटेत जुळवलेलं सगळं विसरायला झालं. "तू मला सांगितलेलं मी घरी बोलले. हसून बोलले. तिथून ते बाहेर गेलं. सगळं माझं चुकलं. मारायचं तर मार मला."

मोठीचा हात क्रेटवरच थांबला.

"तुम्ही?"

"मीच."

"तुम्ही कशाला सांगाल? बारकीने सांगितलंय ना ते." मोठी तिच्याकडे बघत राहिली. "मी तेव्हाच तिला विचारलं होतं, तुझ्या आईने सांगितलं का? ती म्हणाली, नाही, आईचा काही संबंध नाही. म्हणे, मीच पडद्याआडून चोरून ऐकलं आणि बाहेर बोलले. मग मी तिला नाही नाही ते बोलले, काकू. तोंड दाखवू नकोस म्हणाले. ती रडली नाही की काही नाही. जाताना एवढंच म्हणाली, आईकडे जाणं बंद करू नकोस, आणि बाकीच्या पोरींनाही यातलं काही सांगू नकोस, त्यांना दुसरीकडे कुठे जायला नाही."

चार महिने. चार महिने ही वीस वर्षांची पोर आपल्या आईचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरत होती, चौदा परक्या पोरींची खुर्ची मोडू नये म्हणून. एकुलती एक मैत्रीण गमावून बसली, आणि आई विचारत होती, मी काय कमी केलं तुला?

"कुठे आहे ती?" मोठीने विचारलं.

"घरी."

मोठीने हातातला पाव ठेवला, ॲप्रन काढून खुंटीला टाकला, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा दुकानाच्या पुढच्या दाराने बाहेर निघाली. बेकरीवाला गल्ल्यावरून अर्धवट उठला. ताई तिच्या मागोमाग धावली.

"थांब गं, मी पण येते."

पायरीवर मोठी वळली. आवाजात राग नव्हता, तो असता तर ताईला सोसला असता.

"नको, काकू. तुम्ही येऊ नका. तुम्ही असलात तर ती मला खरं सांगणार नाही."

ती रस्ता ओलांडून ताईच्या घराच्या दिशेने गेली. नाक्यावरून कुणीतरी घर्र केलं, तिने वळूनही पाहिलं नाही. बेकरीवाला पायरीवर येऊन विचारत होता, "काय झालं हो, पार्लरताई? कुठे गेली ती? काय भानगड आहे?"

"ते तिचं ती सांगेल, भाऊ," ताई म्हणाली, आणि घरी कधी जायचं ते न कळून तिथेच पायरीवर बसली.